खाल्लंस का, मित्रा?

2020 च्या सप्टेंबरात नोएडाच्या यथार्थ रुग्णालयात करोनाच्या पेशंटांना भेटायला एक जण येऊ लागला. मास्क नाही, पीपीई किट नाही, हातात शहाळं नाही. बसा म्हटलं तर बसायचा नाही आणि आता निघा म्हणायची वेळही आणायचा नाही. म्हणजे पाहुणा म्हणून अगदी आदर्श. त्याचं नाव मित्र. बंगळुरूच्या इन्व्हेंटो रोबोटिक्सने घडवलेला, किंमत दहा लाख रुपये. त्याच्याच घराण्यातल्या एकाने 2017 साली हैदराबादच्या जागतिक उद्योजक परिषदेत नरेंद्र मोदी आणि इव्हान्का ट्रम्प यांचं स्वागत केलं होतं. पंतप्रधानांच्या स्वागताला उभं राहिलेलं घराणं तीन वर्षांत इस्पितळाच्या दारात ताप मोजताना दिसावं, याचं दिल्लीकरांना काही नवल वाटलं नाही. बदली कुठे होईल हे कुणाच्या हातात असतं?

मित्राला चेहरे ओळखता येतात. एकदा भेटलेल्या माणसाचं नाव त्याच्या लक्षात राहतं. दिल्लीत हा केवढा मोठा गुण आहे, हे बाहेरच्याला कळायचं नाही. इथे ट्रॅफिक हवालदारापासून सोसायटीच्या गार्डपर्यंत प्रत्येकाला दिवसातून एकदा तरी 'जानते नहीं मैं कौन हूँ?' हे ऐकून घ्यावं लागतं. त्यावर शांतपणे 'जी, जानता हूँ' म्हणू शकणारा या परिसरातला हा बहुधा पहिलाच कर्मचारी असावा.

पण पेशंट त्याची वाट बघायचे त्याचं कारण निराळं होतं. मित्राच्या छातीवर एक पडदा आहे. मारुतीरायाने छाती उघडून रामराया दाखवला, तसा हा छातीवर घरची माणसं दाखवायचा. वॉर्डात नातेवाइकांना सोडत नसत. मग बायको, मुलगा, सून असे सगळे त्या पडद्यावर दाटीवाटीने यायचे आणि एकाच वेळी बोलायचे. पेशंट रोबोशी बोलत नव्हते, रोबोमधून बोलत होते. मधला 'मधून' काढून टाकला तरी चालेल, असं मात्र तेव्हापासून बऱ्याच जणांना वाटू लागलं आहे. इस्पितळात जमलं ते म्हाताऱ्यांच्या निवासात का जमू नये?

निवास म्हणायचं. वृद्धाश्रम हा शब्द दिल्ली-एनसीआरमध्ये कुणी काढत नाही. इथे 'सीनियर लिव्हिंग' असतं, त्याला क्लबहाउस असतं, आणि जाहिरातीतली आजी नेहमी योगासन करताना हसत असते. अशा इमारतींची गरज वाढणार हे उघड आहे. 2050 पर्यंत दर पाच भारतीयांतला किमान एक साठीपुढचा असेल, असं संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा 2023 चा अहवाल सांगतो. उरलेल्या चौघांतले किती जण भारतात असतील, हे अहवाल सांगत नाही. तेव्हा सोबतीला कोण, हा प्रश्न आलाच. त्यावर शास्त्रज्ञांनी 2005 च्या सुमारास एक नवीन जात काढली: सोशली असिस्टिव्ह रोबो. म्हणजे असा रोबो, जो काही उचलत नाही, पुसत नाही, आणून देत नाही. नुसत्या बोलण्याने आणि असण्याने मदत करतो. आपल्याकडे अशी माणसं पूर्वी प्रत्येक घरात एक-दोन असायची. त्यांना 'नुसता बसलेला असतो' म्हणत.

आमची मावशी नोएडातल्या अशाच एका निवासात अकराव्या मजल्यावर राहते. तिने उभी हयात पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत गणित शिकवण्यात काढली. दोन्ही मुलगे परदेशी. धाकट्याने दिवाळीत येऊन तिच्या खोलीत एक बोलणारा डबा बसवून दिला. रोबोच्या घराण्यातलं हे बिनहातापायाचं शेंडेफळ. सकाळी आठला तो म्हणतो, 'दवाई का समय हो गया है.' मावशी म्हणते, 'मला घड्याळ कळतं.' तो म्हणतो, 'माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई.' हा संवाद रोज होतो आणि त्यात अजून तरी प्रगती नाही.

एकदा माझ्यादेखत मावशीने त्याची परीक्षा घेतली. 'पाऊणकी तेरा?' डबा गप्प. पाऊणकी, दीडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणजे आपली घरातली माणसं, त्याला कुठून माहीत असणार! मग तिने हिंदीत उतरून विचारलं, 'तेरह गुणा पौन?' तत्क्षणी उत्तर आलं, 'नौ दशमलव सात पाँच.'

'पावणेदहा म्हण,' मावशी म्हणाली.

डब्याने पुन्हा माफी मागितली. मला वाटलं, निदान उत्तर बरोबर आल्याबद्दल तरी ती खूश होईल. पण तिने चष्मा काढून पुसला, हे काही चांगलं लक्षण नव्हे. म्हणाली, 'असा एक मुलगा माझ्या वर्गात होता बघ. कधी चुकायचाच नाही. त्याचं नावसुद्धा आठवत नाही मला. चुकणारे सगळे आठवतात.'

त्या चुकणाऱ्यांतला एक अजून दर दिवाळीला काजूकतली घेऊन येतो. केंद्र सरकारात सहसचिव होऊन निवृत्त झालेला गृहस्थ. मावशी त्याला दारातच उभा करून एकोणतिसाचा पाढा म्हणायला लावते आणि एकोणतीस सत्ताला तो दरवर्षी नेमाने अडखळतो. मुद्दाम अडखळतो की खरोखर, हे मी त्याला विचारलेलं नाही. मावशीची तब्येत पुढे आठवडाभर ठणठणीत असते.

अशी सोय कुठल्याही रोबोत नाही. उलट रोबोची तारीफ करताना सांगतात काय, तर तो कंटाळत नाही. न्यूयॉर्क राज्याच्या ज्येष्ठांसाठीच्या खात्याने 2022 मध्ये एकट्या राहणाऱ्या आठशेहून अधिक वृद्धांना एलीक्यू नावाचा रोबो द्यायचं जाहीर केलं. इस्रायली कंपनीचा, दिसायला टेबलावरच्या दिव्यासारखा. मान वळवतो, आपण होऊन विषय काढतो, पाणी प्या म्हणतो, विनोद सांगतो, आणि तीच गोष्ट दहादा सांगितली तरी दहाही वेळा मन लावून ऐकतो. मी हे मावशीला कौतुकाने सांगितलं. तिला ते पटलं नाही. तिच्या मते तीच गोष्ट पुन्हा सांगण्यातली निम्मी मजा समोरच्याच्या 'मावशी, हे मागेच सांगितलंयस' यात असते. त्यावर 'मग आता नीट ऐक' म्हणता येतं. दिव्याला काय सांगणार, नीट ऐक? तो नीटच ऐकतो.

नोव्हेंबर उजाडला की दिल्लीची हवा आपली खरी ओळख दाखवते. एक्यूआय चारशेच्या पुढे जातो, डॉक्टर सकाळचं फिरणं बंद करतात आणि सगळी इमारत खाली लॉबीत येऊन बसते. मग तंबोला सुरू होतो. आपल्याकडे हाऊजी म्हणतात तोच, पण या भागात तो खेळ नाही, ती संस्था आहे. नंबर पुकारायचा मान एका निवृत्त कर्नलसाहेबांकडे. ते 'अठ्ठासी, टू फैट लेडीज़' असं खड्या आवाजात पुकारतात आणि निदान तीन बायका त्यांच्याशी चार दिवस बोलत नाहीत. लाजपतनगरातून आलेल्या एक बीजी आहेत. त्यांचा पक्का आरोप असा, की कर्नल पिशवीत हात घालून नंबर चाचपतो आणि आपल्या ब्रिजच्या भिडूला हवा तोच काढतो. यावर दर गुरुवारी कडाक्याचं भांडण होतं, कर्नल राजीनामा देतात, शनिवारी त्यांची समजूत काढायला शिष्टमंडळ जातं, तिथे समोसे होतात, राजीनामा मागे घेतला जातो.

आता इथे पेपर आणून उभा करा. सॉफ्टबँकेने 2014 मध्ये गाजावाजा करून आणलेला, मोठाल्या डोळ्यांचा, माणसाच्या भावना ओळखतो म्हणून नावाजलेला रोबो. जपानमधल्या वृद्धनिवासांत तो व्यायाम घ्यायचा, गाणी म्हणायचा. तो नंबर पुकारील तेव्हा चाचपणार नाही, भिडू सांभाळणार नाही, कुणाला लठ्ठ म्हणणार नाही. आरोप नाही, राजीनामा नाही, समोसे नाहीत. राहिले काय? आकडे. पेपरचं उत्पादन 2020 मध्येच थांबवलं गेलं. कारण अर्थात धंद्याचं होतं, पण आमच्या बीजींना विचारलं असतं तर त्यांनी आधीच सांगितलं असतं.

या सगळ्या घराण्यात मला एकच जण शहाणा वाटतो, आणि तो काहीच करत नाही. त्याचं नाव पारो. (देवदासचा काही संबंध नाही, पण बीजींचं मत त्या नावामुळे आधीच चांगलं झालं.) जपानी शास्त्रज्ञ ताकानोरी शिबाता यांनी 1993 पासून खपून त्याला घडवलं. सीलचं पिल्लू: पांढरीशुभ्र फर, काळेभोर डोळे, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, नुकत्या जन्मलेल्या बाळाएवढं. सीलच का? तर आधी मांजर आणि कुत्रा करून पाहिले होते. पण मांजर-कुत्रं सगळ्यांच्या ओळखीचं, त्यामुळे लोक खोट काढायला लागले: आमचा मोत्या असा नव्हता, मनी अशी बसत नाही. सील कुणी पाळलेला नसतो, तेव्हा तुलनाच नाही. दिल्लीवाल्याला तर सील म्हणजे महापालिका दुकानाला ठोकते तेवढंच माहीत. लग्नाच्या बाजारात जी अक्कल लागते ती शिबातांना प्रयोगशाळेत सुचली: मुलगा लांबच्या गावचा दाखवावा, चौकशी होत नाही.

हा पारो औषधाची वेळ सांगत नाही. पाणी प्या म्हणत नाही. कुरवाळलं की डोळे मिटतो, चीं चीं करतो, नावाने हाक मारली की मान वळवतो. आणि त्याची बॅटरी संपली की त्याच्या तोंडात चार्जर द्यावा लागतो, तो चार्जर बाळाच्या चोखणीसारखा केलेला आहे. म्हणजे काम रोबोचं नव्हे, म्हाताऱ्यांचं! अमेरिकेच्या एफडीएने 2009 मध्ये या निरुद्योगी प्राण्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. स्मृतिभ्रंश झालेली, कुणाशी न बोलणारी माणसं त्याला मांडीवर घेतल्यावर शांत होतात, बोलू लागतात, असं अनेक ठिकाणी दिसलं आहे.

त्याचा व्हिडिओ मी बीजींना फोनवर दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि पहिला प्रश्न केला, 'खाता क्या है?'

'बिजली,' मी म्हटलं.

'बेचारा!' बीजी म्हणाल्या. थोड्या वेळाने: 'दिन में कितनी बार?'

मग त्यांनी पिशवीतून लोकर काढली. मी म्हटलं, बीजी, त्याला फर आहे, तो बर्फातला प्राणी आहे. त्यांनी माझ्याकडे, लग्न होऊन नुकत्या दिल्लीत आलेल्या सुनेकडे बघावं तसं बघितलं. 'बर्फ की ठंड और होती है, दिल्ली की ठंड और.' संध्याकाळपर्यंत गळ्याचे टाके पडले होते. पारो जपानात, किंमत सहा हजार डॉलरच्या घरात, तो नोएडात येण्याची कुठलीही शक्यता नाही. स्वेटर मात्र तयार होत होता. आणि विचार केला तर स्वेटरची कल्पना काही वाईट नव्हती. नोव्हेंबरातल्या दिल्लीत पांढरी फर आठ दिवसांत घुशीच्या रंगाची झाली असती, आणि हा प्राणी बादलीत बुचकळून धुता येत नाही.

तेव्हा मला जाणवलं, की आपण या रोबोंना उलट्या बाजूने धरतो आहोत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला 'तुम्हाला काय हवं?' असं विचारणारे ढीगभर भेटतात: मुलगा फोनवर, सून दुसऱ्या फोनवर, मॅनेजर, फिजिओथेरपिस्ट, विमा एजंट. 'मला भूक लागलीय' म्हणणारा कुणी भेटत नाही. सेवा करून घेऊन माणूस थकतो. मावशीला चुकणारा विद्यार्थी हवा आहे, बीजींना उपाशी प्राणी हवा आहे, कर्नलसाहेबांना समजूत काढणारं शिष्टमंडळ हवं आहे. यांतलं एकही काम जमणार नाही असा रोबो बनवायला जगभर अब्जावधी ओतले जात आहेत.

जपानमध्ये तरी रोबोंनी काय साधलं, हे जेम्स राइट नावाच्या अभ्यासकाने तिथल्या एका वृद्धनिवासात मुक्काम ठोकून पाहिलं आणि 2023 मध्ये पुस्तक लिहिलं. पुस्तकाचं नाव, रोबो जपानला तारणार नाहीत अशा अर्थाचं आहे, म्हणजे शेवट आधीच फोडलेला. उचलून ठेवणारं यंत्र कर्मचाऱ्यांनी थोड्याच दिवसांत बाजूला सारलं, कारण ते ढकलत आणण्यापेक्षा माणूस उचलणं सोपं. पेपर व्यायाम घ्यायचा तेव्हा त्याच्या शेजारी एका कर्मचाऱ्याला उभं राहून तेच हातवारे करावे लागत. आणि पारोची कथा तर आणखी रंगीत. एका आजींचा त्याच्यावर एवढा जीव जडला, की तो शेजारी असल्याशिवाय त्या जेवेनात, झोपेनात. दुसऱ्या एकीने त्याची कातडी सोलायचा प्रयत्न केला. थोडक्यात, म्हाताऱ्यांकडे बघणाऱ्यांना आता रोबोंकडेही बघावं लागू लागलं. सासूला मदत म्हणून दुसरी सासू आणावी, त्यातला प्रकार.

तरी जपानचं कोडं खरं आहे. तिथे माणसंच कमी. एनसीआरचं तसं नाही. इथे माणसं झारखंडमधून, बंगालमधून, आसामातून येतात, प्लेसमेंट एजन्सीमार्फत येतात, बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. एका पारोच्या किमतीत इथल्या एका अटेंडंटचा दोनेक वर्षांचा पगार निघेल. मावशीच्या मजल्यावर जी मुलगी आहे तिला सगळे दीदी म्हणतात. ती बावीस वर्षांची, म्हणणारे ऐंशीचे. तिला मावशीने औटकीपर्यंत आणली आहे. औटकी सात तिला अजून येत नाही, आणि ती यावी अशी मावशीची फारशी घाई दिसत नाही.

माणूसच सोबतीला नेमायचा, हा मार्ग मुंबईत निघाला. शंतनू नायडू या तरुणाने 2022 मध्ये गुडफेलोज नावाची कंपनी काढली आणि रतन टाटांनी तीत पैसे घातले. शिकलेल्या तरुण मुलांनी पगारावर वृद्धांचे सोबती व्हायचं: गप्पा, फिरणं, पत्ते, फोन कसा वापरायचा ते. तत्त्वतः नातू भाड्याने. ऐकून नाक मुरडणारे मुरडोत. सख्खे नातू फुकट असूनही येत नाहीत, त्याचं काय? शिवाय असा मुलगा डबा उघडून 'आजी, लाडू उरलाय का' तरी विचारू शकतो.

रोबो आलाच, तर आपल्याकडे त्याला रुळायला वेळ लागणार नाही, याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. खंडेनवमीला आपण स्क्रू-ड्रायव्हरला झेंडू वाहतो. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिल्ली देवळाने 2023 मध्ये रोबो हत्ती देवाच्या सेवेत घेतला. कान हलवतो, सोंड हलवतो आणि माहुतावर चालून जात नाही. रोबोच्या अंत्यविधीची वाट मात्र जपानने दाखवली. सोनीने आपल्या आयबो कुत्र्यांची दुरुस्ती बंद केल्यावर चिबा भागातल्या कोफुकुजी मंदिरात बंद पडलेल्या आयबोंसाठी मंत्र म्हणून अंत्यविधी होऊ लागले. ही प्रथा नोएडात आली तर मराठी माणसाची एकच पंचाईत. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवला नाही, तर 'काय इच्छा राहिली असेल' म्हणून सगळे उभे राहणार आणि कुणीतरी हळूच विचारणार, शेवटचं अपडेट दिलं होतं का?

मध्यंतरी निवासाच्या मॅनेजरने, एक कंपनी महिनाभर चाचणीला रोबो द्यायला तयार आहे, असं सांगून रहिवाशांची सभा बोलावली. रोबो आला नाही, पण सभा झाली. दिल्लीत बहुतेक गोष्टींचं हेच होतं. चर्चा हिंदी, पंजाबी आणि मावशीची मराठी अशी तीन भाषांत चालली. रोबो कुणाच्या मजल्यावर राहील? चार्जिंगचं बिल कॉमन मेंटेनन्समध्ये की वापरणाऱ्याच्या खात्यात? जनरेटरवर तो चालेल का? एक अंकलजी म्हणाले, त्याच्या कॅमेऱ्यात आमचे सुडोकू दिसतील. कर्नलसाहेबांनी तो तंबोला पुकारणार नाही हे लेखी मागितलं, आणि आश्चर्य म्हणजे बीजींनी त्यांना अनुमोदन दिलं.

सभा अडली ती लिफ्टवर. इमारतीत दोन लिफ्ट आहेत. एकीत रहिवासी जातात. दुसरीत कचऱ्याच्या बादल्या, कुत्री, डिलिव्हरीवाले आणि सगळ्या दीदी. तशी पाटीच आहे. रोबो कुठल्या लिफ्टने जाणार? काम करायला येतोय, तेव्हा मागच्या, असं काहींचं म्हणणं. पण दहा लाखांची वस्तू बादल्यांच्या लिफ्टमध्ये? ओरखडा आला तर भरून कोण देणार? बऱ्याच वादानंतर रोबोला पुढच्या लिफ्टची परवानगी द्यावी असं ठरत आलं होतं. तेवढ्यात मावशीने हात वर केला आणि विचारलं, बटण कोण दाबणार? मॅनेजरने कंपनीचं माहितीपत्रक चाळलं. बटण त्याला दाबता येत नव्हतं. सोबत कायम एक अटेंडंट लागेल, असं तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात छापलं होतं. म्हणजे दीदी पुढच्या लिफ्टमध्ये. सभा पुढच्या महिन्यापर्यंत तहकूब झाली.